सगळ्यांच्या मालकीचा मात्सा

एल्मफोर्ड, आयोवा
मंगळवार, १४ मे

नेड,

हे पत्र तांत्रिक आहे. ईमेलना तू उत्तर देत नाहीस, कागदावर लिहिलेल्याला देतोस, असं क्लीव्हलंडच्या तुझ्या कार्यालयातल्या बाईंनी सांगितलं. म्हणून कागद. पाकिटावर रब्बी नाफ्ताली फायनगोल्ड असं लिहिलं आहे. आत, सख्ख्या भावाला, ते मला जमणार नाही.

इथे गावाभोवती एरुव उभारायचं ठरलं आहे. तारांचं काम माझ्याकडे आलं, कारण वीजकंपनीत मी तेच करते आणि सिनेगॉगच्या समितीत दुसरं कुणीही कधी खांबावर चढलेलं नाही. उत्तरेला रेल्वेचा भराव आणि पश्चिमेला नदीचा उंच काठ, हे दोन्ही भिंत म्हणून चालतील असं दिसतं. उरलेल्या दोन बाजूंना आमचे खांब आहेत. तार खांबाच्या माथ्यावरून न जाता कडेने जाते, म्हणून तिच्या बरोबर खाली खांबाला एक उभी नळी ठोकायची. नळी म्हणजे दाराची बाजू, तार म्हणजे वरची पट्टी. इथपर्यंत समजलं.

प्रश्न असा. हिवाळ्यात जमीन गोठून फुगते आणि खांब कलतात. ओळंबा लावून पाहिलं, तर स्टेडियममागच्या खांबांवर नळीचं टोक तारेखालून चार बोटं बाजूला जातं. नळी खांबाला धरून ठोकायची की ओळंब्यात? आणि तारेचा झोळ चालतो का?

परवानगीसाठी आमच्या साहेबांना, डेलना, हे सगळं समजवावं लागलं. मी म्हणाले, शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, घराबाहेर काही वाहून न्यायचं नसतं, किल्ली नाही, बाळ नाही. पण गावाभोवती कुंपण झालं तर सगळं गाव एक अंगण धरतात. ते बराच वेळ नकाशा बघत राहिले.

"म्हणजे तुमच्या देवाने नियम केला, आणि तुम्ही त्यातून वाट काढली?"

"हो."

"आणि त्याला चालतं?"

"वाटही त्याच्याच कागदपत्रांत सापडली, असं आमचं म्हणणं आहे."

"सुरक्षेचं हेल्मेट घाल," एवढंच ते म्हणाले, आणि सही केली.

आता कारण. आबा जानेवारीपासून चाकाच्या खुर्चीत आहेत. पार्किन्सन. मी गिट्टीला कळवलं होतं, तिने बायकोच्या नात्याने तुला सांगितलं असेल असं धरते. शब्बाथला खुर्ची ढकलणं हे वाहून नेणंच, आणि एरुवशिवाय ते खुर्चीत बसून उंबरा ओलांडत नाहीत. सिनेगॉग आपल्या गल्लीच्या टोकाला आहे. दर शनिवारी ते सूट घालून पुढच्या खोलीत बसतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांना हात करतात.

सांत्वनाच्या शब्बाथला संदेष्ट्याच्या ग्रंथातलं वाचन इथे नेहमी तेच करतात, हे तुला माहीत आहे. यंदा तो ऑगस्टच्या मध्यावर येतो. आवाज उतरत चालला आहे. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंच्या मते पुढच्या वर्षी तो नसेल. म्हणून ऑगस्टच्या आत.

बाकी ठीक.

शिफ्रा


सोमवार, १० जून

नेड,

उत्तर मिळालं. नळ्या ओळंब्यात ठोकल्या, झोळ तसाच ठेवला. आकृती स्वच्छ होती, आभार.

परिशिष्टही वाचलं. गावात राहणाऱ्या, पण शब्बाथ न पाळणाऱ्या ज्यूंना सामाईक भाकरीत वाटेकरी धरता येत नाही. महापौरांकडून सगळं गाव नावापुरतं भाड्याने घेतलं, की "तशा लोकांचा" प्रश्न मिटतो. महापौरांनी करार केला आहे, म्हणजे मी मिटले. मी शनिवारी गाडी चालवते याचा तू उल्लेख केला नाहीस, ते सौजन्य नोंदवलं आहे.

तार म्हणजे नुसतं कुंपण आणि अंगण खरं एक होतं ते सगळ्यांचं मिळून थोडं अन्न एका ठिकाणी ठेवल्याने, हे मात्र मला नवीन होतं. मात्सा ठेवायचा ठरला, कारण बिनखमिराची कोरडी रोटी महिनोन्‌महिने टिकते. कुठे ठेवायचा यावर समितीत जे झालं ते असं.

रब्बी दीना ऑस्ट्रो (तुझ्या मते त्या रब्बी नाहीत, इथे त्याच आहेत) म्हणाल्या, "विद्यार्थ्यांच्या केंद्रात ठेवू या का? तरुण मंडळींना आपलं वाटेल."

"फारच आपलं वाटेल," बर्निस कॅट्झमन म्हणाली. सिनेगॉगचं स्वयंपाकघर अजून तिच्याच ताब्यात आहे. "परीक्षेच्या आठवड्यात ती पोरं खडूसुद्धा खातात."

"मग तुझ्या स्वयंपाकघरात?"

"माझ्याकडे दर रविवारी फडताळं धुतली जातात. नको. सीमोरकडे ठेवा. तो कुठे जातच नाही."

बोट आबांकडे होतं. सगळे एकदम कागद चाळायला लागले. आबा हसले. "बर्निस, आजाऱ्याशी खरं बोलणारी तू एकटीच उरलीस."

"तू बरा असतानाही मीच बोलायचे. तुला तेव्हा ऐकू येत नव्हतं."

तेव्हा मात्सा आपल्या घरी आला. ब्रुकलिनहून मागवलेला, हाताने लाटलेला, धर्मशुद्धतेचा कडकातला कडक शिक्का असलेला. सगळ्यांच्या वतीने डबा उचलायला घराबाहेरचं माणूस लागतं, म्हणून तो बर्निसने उचलला. आबांनी टोपी घालून वाक्य म्हटलं: या गावात राहणाऱ्या सगळ्यांचा आणि जे जे इथे येतील त्यांचाही यात वाटा आहे. आवाज बारीक होता, पण शेजारच्या खोलीत ऐकू गेला. मी तपासलं.

शुक्रवारी सगळी तार फिरून आले. एका नळीवर कुणीतरी हरवलेल्या मांजराची जाहिरात चिकटवली होती, ती सोडून सगळं जागेवर आहे. परवा सणाची सुट्टी, त्यानंतरच्या शनिवारी आबा जातील.

शिफ्रा


गुरुवार, २७ जून

नेड,

ते गेले नाहीत. पुन्हा तुझ्याकडेच यावं लागतं आहे.

त्या शनिवारी ते पहाटेपासून तयार होते. निळा टाय, आईने आणलेला. मी खुर्ची दारापर्यंत आणली, पुढचं चाक उंबऱ्याला लावलं.

"थांब," ते म्हणाले.

"काय विसरलं?"

"तो डबा कुणाचा आहे?"

"सगळ्यांचा. तुम्हीच म्हणालात."

"आणि माझ्या वाट्याचं कुणी खाल्लं तर मला हरकत असेल का?"

"कुणाला देणार नाही तुम्ही? बर्निसला? तिने खाल्लं तर चव कशी आहे तेही ऐकावं लागेल."

ते हसले नाहीत. नियम तुला माहीत आहे: आपल्या वाट्याचं दुसऱ्याने खाल्लेलं ज्याच्या जिवावर येतं, त्याच्या बाबतीत एरुव झालेलाच नसतो. तार कितीही सरळ असो. मला हे माहीत नव्हतं. तू पाठवलेल्या आकृतीत ते नव्हतं.

"जे जे येतील असं मी मोठ्याने म्हणालो," आबा म्हणाले. "म्हणताना एक माणूस मनातल्या मनात वगळला. मला तेव्हाच कळलं होतं. मला वाटलं, आठवडाभरात जाईल. गेलं नाही."

त्यांनी नाव घेतलं नाही. मीही विचारलं नाही. खुर्ची मागे घेतली.

त्यांनी रब्बी ऑस्ट्रोंना निरोप पाठवला, की आपल्या घरातल्या मात्सावर गावाने विसंबू नये. डबा त्याच आठवड्यात सिनेगॉगमध्ये गेला, बर्निसच्या फडताळात, "धुवायचं नाही" अशा पाटीसह. गावाचा प्रश्न सुटला. रस्त्यावर शनिवारी बाबागाड्या दिसतात. आबांचा सुटला नाही. डबा कुठेही असला तरी त्यात त्यांचा वाटा आहे, आणि तो त्यांना एका माणसाला द्यायचा नाही.

प्रश्नासाठी पार्श्वभूमी लागते, म्हणून लिहिते. आईच्या सुतकाच्या सात दिवसांत तू, तेव्हा राहत होतास त्या न्यू जर्सीहून, तुझं जेवण पत्र्यासारख्या कागदात गुंडाळून आणलंस आणि मागच्या पायरीवर कागदी ताटलीत जेवलास. आईची भांडी तुला चालत नव्हती. ती चीजवरचा शिक्का बघायची नाही, हे खरं आहे. शेवटच्या दिवशी आबा तुला म्हणाले, तिच्या हातचं चालत नसेल, तर माझ्या हातचा घासही तुला मिळणार नाही. तू बॅग उचललीस. मी गाडी काढून तुला विमानतळावर सोडलं आणि वाटेत आपण खांबांबद्दल बोललो.

प्रश्न: जो गावात राहत नाही, फक्त कधीतरी येऊ शकतो, तो वाटेकरी धरायचा का? उत्तर लवकर दे.

शिफ्रा


रविवार, २१ जुलै

नेड,

तुझं उत्तर अचूक आहे. पाहुणा वाटेकरी नसतो. "जे जे येतील" म्हणजे जे राहायला येतील ते. त्यामुळे त्याच्याबद्दलची हरकत हिशेबात धरायची नाही आणि आबांना बिनदिक्कत नेता येईल. चार आधार, प्रत्येकाचं पान. मी तीनदा वाचलं, चूक सापडली नाही.

मी आबांना कागद दिला, कुणाचा ते सांगितलं नाही. पहिल्या परिच्छेदानंतर ते म्हणाले, "हा अजूनही निष्कर्ष आधी लिहितो. मी त्याला किती सांगितलं, सिद्धता आधी."

मग शेवटपर्यंत वाचला. त्यांचे हात इतके हलत होते की कागद मी धरला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "माझ्या वर्गात असता, तर पूर्ण गुण दिले असते."

"मग या शनिवारी जायचं?"

"नाही."

"आबा, बरोबर आहे म्हणालात."

"बरोबर आहे. त्याने मला रागावून बसायची परवानगी पाठवली आहे, आधारांसहित. मी काय मागितलं होतं ते त्याला कळलंच नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "किंवा कळलं."

रब्बी ऑस्ट्रो येऊन गेल्या. रागात बोललेला शब्द नवसासारखा बांधून ठेवत असेल, तर तिघांसमोर तो सोडवून घेता येतो, त्यांनी आठवण करून दिली. बर्निसही बरोबर होती.

"आत्ताच सोडवू," ती म्हणाली. "मी आहे, ही आहे, पोरगी आहे. पाच मिनिटांचं काम. माझा केक ओव्हनमध्ये आहे."

"शब्द सुटेल, बर्निस. त्याच्यामागचं सुटायला नको का?"

"तुला त्या पोराचा राग आहे की तो येत नाही याचा?"

ती केक बघायला गेली आणि अर्धा घेऊन परत आली. करपला होता. दोघांनी खाल्ला.

आवाज आणखी उतरला आहे. टेबलाच्या पलीकडून आता मला पुढे वाकावं लागतं. ते रोज सकाळी न्हाणीघरात दार लावून ते वाचन घोकतात. मी हे तुला सांगायचं नव्हतं.

शिफ्रा


बुधवार, ३१ जुलै

नेड,

या वेळी मी तुझा सल्ला मागत नाही. तू ये.

सांत्वनाचा शब्बाथ १७ ऑगस्टला आहे. आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, सिनेगॉगच्या स्वयंपाकघरात ये आणि आबांकडे मात्सा माग. एवढंच. माफी मागू नकोस, ती तुला नीट येत नाही आणि त्यांना ऐकता येत नाही. भूक लागली म्हण.

तुझ्या अडचणी मी पाहून ठेवल्या आहेत. मात्सा तुझ्याच लोकांच्या शिक्क्याचा आहे. डबा बंद असतो. ताट लागत नाही, सुरी लागत नाही, हातावर खाता येतो. ओट्याला शिवायचं नसेल तर शिवू नकोस. झोपायला तुझी जुनी खोली आहे. जेवणाचं तू तुझं आण. पायरीवर बसून खाल्लंस तरी चालेल. मागच्या वेळी कुणी तुझ्या शेजारी येऊन बसलं नव्हतं, या वेळी मी बसेन.

सिनेगॉगमध्ये बायका-पुरुष एकत्र बसतात, त्यामुळे तू आत येणार नाहीस हे मला माहीत आहे. तेही तुला कुणी विचारणार नाही.

आणखी एक गोष्ट, ती माझी आहे. "तशा लोकांचा" हे शब्द मी दीड महिना बरोबर घेऊन फिरते आहे. स्टेडियममागच्या रस्त्यावर शिडी लावताना ते आठवतात. नियमाने तू बरोबर असशील. पण हे अंगण मी बांधलं आहे, नेड. प्रत्येक शुक्रवारी मी ते फिरून तपासते, कारण माझ्यावर विसंबून बायका मुलांना उचलून बाहेर पडतात. त्यात माझा वाटा नाही हे तू मला समोर उभा राहून सांग, पत्रात नको.

मी आबांना काही सांगितलेलं नाही. तू येणार असशील तर मला एक ओळ पाठव. मग सांगेन.

शिफ्रा


रविवार, १८ ऑगस्ट

नेड,

तू काल अंधार पडताच निघालास, त्यामुळे बोलणं राहिलं. तू बहुतेक वेळ खाली बघत होतास, आणि काही वेळ बाहेर होतास. जे तुला दिसलं नसेल ते लिहिते.

तुझी ओळ आली त्या दिवशी मी ती आबांच्या पुढ्यात ठेवली. ते म्हणाले, "स्वतःहून?" मी म्हणाले, मी बोलावलं. "पण येतोय स्वतःहून?" मी हो म्हणाले, कारण गाडी तूच चालवणार होतास. मग त्यांनी मला रब्बी ऑस्ट्रोंना आणि बर्निसला फोन करायला लावला. गुरुवारी आम्ही तिघी त्यांच्यासमोर खुर्च्यांवर बसलो आणि त्यांचा शब्द सोडवला. तुझ्या पुस्तकांत आम्हा बायकांचं न्यायालय बसत नाही, मला कल्पना आहे. आबांनी मात्र आम्हाला तीनदा सांगायला लावलं, मोकळं केलं, मोकळं केलं, मोकळं केलं. मी पण म्हटलं.

शुक्रवारी तू स्वयंपाकघरात आलास तेव्हा बर्निस जे बोलली ते तू ऐकलंसच: "ये, राजा. तुझे लंगोट मी बदललेत, आणि तू माझ्या ओट्याला असा वळसा घालतोस, जसा काही तो चावतो." तू हसलास. तेव्हा आबांनी खुर्चीच्या हातांवरचे हात काढून मांडीवर घेतले. ते तू पाहिलं नाहीस.

"कशाला आलास?"

"भूक लागली, आबा."

इथे तुझी नजर फरशीवर होती. डबा बर्निसने त्यांच्या मांडीवर ठेवला. मात्सा मोडला तो बरोबर मधून मोडला नाही, एक तुकडा मोठा आणि एक लहान. पुढे जो वेळ गेला तो हात थरथरल्यामुळे गेला असं तुला वाटलं असेल. तसं नव्हतं. लहान तुकडा आधीच त्यांच्या बोटांत होता. तो त्यांनी परत ठेवला आणि मोठा शोधला.

तू हात धुऊन, आशीर्वाद पुटपुटून, उभ्यानेच खाल्लास. कडकड आवाज सगळ्या स्वयंपाकघरात ऐकू येत होता. आबा म्हणाले, "अजून घे." तू घेतलास. ते पुन्हा म्हणाले, "अजून घे."

"पुरे!" बर्निस ओरडली. "गावासाठी काही ठेवा!"

मी डब्यात पाहिलं. पुरेसं होतं.

त्यानंतर तू तो डबा माझ्यापुढे केलास आणि म्हणालास, "तूही घे." मी घेतला. तू कोणत्या आधारावर म्हणालास हे मी विचारणार नाही.

काल सकाळी खुर्ची तू ढकललीस. गल्लीतल्या प्रत्येक दारात कुणीतरी उभं होतं. ते बाहेर यायला निमित्त शोधत होते. एकाने तर कचऱ्याचा रिकामा डबा दोनदा आत-बाहेर केला. सिनेगॉगच्या दाराशी तू थांबलास. मला वाटलं, आबा आता काहीतरी बोलतील आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. ते म्हणाले, "झाडाखाली सावली आहे," आणि मला आत ढकलायची खूण केली. तू मेपलखाली जाऊन उभा राहिलास.

आतलं असं. त्यांना वर, वाचनाच्या चौथऱ्यावर, बोलावलं, तेव्हा आम्ही चौघांनी खुर्ची उचलली. त्यांनी आधीचे आशीर्वाद म्हटले, पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि आवाज बसला. ओठ हलत होते. रब्बी ऑस्ट्रो शेजारी उभ्या होत्या, त्यांनी पुस्तकावर बोट ठेवलं, म्हणजे पुढचं त्या वाचतील. आबांनी ते बोट हळूच बाजूला केलं.

"शिफ्रा. खिडकी."

झाडाच्या बाजूची खिडकी मी उघडली. ती रंगाने चिकटली होती, खांदा लावावा लागला. मग त्यांनी खुर्ची फिरवायला सांगितली. मी फिरवली. लोकांकडे पाठ झाली.

"सीमोर," बर्निस मागून म्हणाली, "आम्ही इकडे आहोत."

"तुम्ही दर वर्षी ऐकता," आबा म्हणाले.

आणि वाचलं. सगळं, शेवटपर्यंत, खिडकीकडे तोंड करून. शेवटच्या रांगेत काही पोहोचलं नाही, असं नंतर कळलं. कुणी हललं नाही. बर्निस रडत होती आणि ते सर्दीवर ढकलत होती. मी खिडकीपाशी होते, तिथून तू दिसत होतास, पण पाठमोरा.

दुपारभर तू त्यांच्याजवळ बसलास, ते तुझ्या मुलींबद्दल विचारत राहिले. दुसरं काही त्यांनी तुला विचारलं नाही. तू गेल्यावर मी त्यांना झोपवत होते, तेव्हा त्यांनी मला विचारलं, "त्याला ऐकू गेलं का?"

आवाज किती होता, झाड किती लांब आहे, वारा कुठून होता, हे सगळं मला माहीत होतं. मी न तपासता हो म्हणाले.

शिफ्रा